पंचवीस की शून्य सात

कंट्रोलरसाहेबांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी त्यांच्या तोंडातून अजून हुकूमच बाहेर पडत. एकतीस वर्षं ते बसस्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसले आणि कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार ते ठरवत राहिले. दिवसाला चारशे गाड्या, अकरा फलाट, समोर एक माइक. ड्रायव्हर लोक त्यांना मागे काय म्हणत ते सोडा, पण तोंडावर सगळे ‘साहेब’ म्हणत आणि सांगितलेल्या फलाटाला निमूट गाडी लावत. ती सवय हाडात मुरलेली. घरी पाहुणे आले तरी कुणी कुठल्या खुर्चीत बसायचं ते हेच सांगणार. बायको म्हणायची, "घास कुठल्या गालात ठेवायचा एवढं मात्र अजून सांगत नाहीत, तेवढंच नशीब."

तर अशा माणसाने साठी उलटल्यावर संगणकावर विमान उडवायला घ्यावं, आणि तेही जिथे कंट्रोलर नाही अशाच विमानतळांवर, याचं गल्लीत सगळ्यांना नवल वाटायचं. इंटरनेटवर जगभरचे हौशी लोक एकाच आकाशात आपापली विमानं उडवतात. त्यातच काही हौशी कंट्रोलरही असतात. ते घरी बसून मनोऱ्यातल्या माणसाचं काम करतात आणि कुणी कधी उतरायचं ते सांगतात. शेजारचा चष्मेवाला म्हणाला, "साहेब, तुम्ही तर त्या मनोऱ्यातच शोभाल." साहेब नुसते हसले. खरं कारण त्यांनी त्याला सांगितलं नाही, कारण ते घरातलं होतं.

कारण होतं त्यांची मुलगी. वय एकोणतीस, पण घरात अजून बबडीच. साहेबांनी शब्द टाकून तिला बस कंपनीच्या तिकीट ऑफिसात चिकटवलं होतं. दोन वर्षं तिने ते काम केलं आणि एक दिवस राजीनामा देऊन आली. बंदरावर क्रेन चालवायला शिकायचं म्हणाली, जागाही मिळाली होती. साहेबांनी जेवणाच्या टेबलावर एका दमात चार हुकूम सोडले. "उद्या साडेनऊला ऑफिसात जायचं. मोठ्या साहेबांना भेटायचं. चूक झाली म्हणायचं. राजीनामा परत घ्यायचा." बबडीने ताट उचललं, धुतलं, जागेवर ठेवलं आणि संध्याकाळच्या गाडीने बंदराच्या गावी निघून गेली. त्याला आता अकरा महिने झाले होते. दर दोन दिवसांनी तिचा फोन यायचा, पण आईच्या मोबाइलवर. साहेबांचा मोबाइल कपाटावर पडलेला असायचा, आणि तो वाजला तर विजेच्या बिलाची आठवण करून द्यायला.

मग एकदा आईकडूनच निरोप आला. "बाबांना म्हणावं, विमान उडवायला शिका. दर रविवारी सकाळी भेटू." बबडी कॉलेजपासून हे उडवत होती, तेव्हा साहेब त्याला ‘रिकामे धंदे’ म्हणायचे. आता मात्र त्यांनी मुकाट्याने विमान वळवायची दांडी आणली, पायाशी ठेवायची पेडलं आणली, जाडजूड पुस्तिका छापून घेतली आणि तीन महिन्यांत शिकून दाखवलं. कामाला माणूस वाघ होता, त्यात शंकाच नाही.

रविवारचा बेत ठरलेला. ते आपल्या गावच्या विमानतळावरून निघणार, ती तिच्या. मधोमध किनाऱ्यावरच्या एका छोट्या विमानतळावर दोघं उतरणार, शेजारी शेजारी विमानं लावणार, दोन वाक्यं बोलणार आणि परत निघणार. तिथे मनोऱ्यात सहसा कुणीच नसायचं. अशा जागी सगळे एकाच सामायिक फ्रिक्वेन्सीवर बोलतात, आणि तिथला नियम एका ओळीचा आहे: आपण स्वतः काय करणार ते सांगा, दुसऱ्याने काय करायचं ते सांगू नका.

हा नियम साहेबांना पहिल्या महिन्यातच नडला. तिथेच विमान उडवायला येणाऱ्या कुणा एका दंतवैद्याला त्यांनी जमिनीवर थांबवून ठेवलं. "तू तिथेच थांब, मी सांगेन तेव्हा निघ." दंतवैद्याने तक्रार केली. महिन्याभराने बबडी उतरत असताना यांच्या तोंडून निघून गेलं, "नऊ-नऊ, आधी वेग कमी कर, मग चाकं खाली घे." नऊ-नऊ हा तिच्या विमानाचा नंबर. ती नीट उतरली, विमान लावलं, इंजिन बंद केलं आणि दुसरी तक्रार नोंदवली. आईला सांगून नोंदवली. साहेब एक दिवस धुमसले, दुसऱ्या दिवशी त्यांनी ती तक्रार पुन्हा उघडून वाचली आणि बायकोला म्हणाले, "लिहिलीय मात्र मुद्देसूद."

त्याच दिवशी त्यांच्या डोक्यात उजेड पडला. सबंध जगात हीच एक जागा होती जिथे बापाला हुकूम सोडायला बंदी होती, आणि पोरीने नेमकी तीच हुडकून काढली होती. तिला बापाला भेटायचं होतं, फक्त त्याचा माइक काढून घेऊन. या हौशी आकाशावर लक्ष ठेवणाऱ्या देखरेख मंडळाचं पत्र आलं होतं की तिसरी तक्रार आली तर खातं वर्षभर बंद. म्हणजे रविवार बंद. साहेबांनी ते पत्र पडद्याच्या कडेला चिकटवलं आणि जिभेवर ताबा ठेवायला सुरुवात केली. तीन महिने झाले, एकही चूक नाही.

हे सगळं असलं तरी धावपट्टी निवडण्यात साहेबांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या विमानतळाला पट्टी एकच, पण दोन टोकांना दोन नंबर. पूर्वेकडून येऊन पश्चिमेला तोंड करून उतरलात तर ती पंचवीस. पश्चिमेकडून येऊन पूर्वेला तोंड केलंत तर तीच शून्य सात. विमान उतरवायचं ते वाऱ्याकडे तोंड करून. म्हणजे पश्चिमेचा वारा असेल तर पंचवीस आणि पूर्वेचा असेल तर शून्य सात. दर अर्ध्या तासाला त्या जागेच्या खऱ्या हवेचा अहवाल येतो, तो वाचायचा, आधीपासून कोण कुठून उतरतंय ते पाहायचं आणि मग स्वच्छ आवाजात आपला बेत सांगायचा. साहेब हे इतक्या ऐटीत करायचे की शेजारच्या खोलीत शाळेचे गणवेश शिवत बसलेल्या बायकोलाही आता वारा कळू लागला होता.

त्या रविवारी साडेदहाचा अहवाल आला. वारा पश्चिमेचा, वेग चौदा नॉट. साहेबांनी बोट आपटलं. "पंचवीस. विषयच संपला."

विमानतळ बारा मैलांवर आल्यावर त्यांनी माइकचं बटण दाबलं. "तीन-एक-आठ. विमानतळाच्या पूर्वेला बारा मैल, उंची तीन हजार फूट. धावपट्टी पंचवीसवर सरळ उतरणार." तीन-एक-आठ हा त्यांचा नोकरीतला बिल्ला नंबर.

लगेच दुसरा आवाज आला. बबडीचा, शांत आणि ठाम. "नऊ-नऊ. पश्चिमेला नऊ मैल, उंची अडीच हजार. धावपट्टी शून्य सातवर सरळ उतरणार."

साहेबांनी नकाशाची खिडकी उघडली. पट्टीच्या दोन बाजूंना दोन छोटे त्रिकोण, एकमेकांच्या नाकासमोर. चार-पाच मिनिटांत दोघं एकाच पट्टीवर, समोरासमोर. आणि ती निघाली होती सरळसरळ पाठीवर वारा घेऊन. ज्या पोरीने त्यांची तक्रार मुद्देसूद लिहिली, तिला वाऱ्याची दिशा कळू नये?

अंगठा बटणावर गेला. वाक्य तोंडात तयार होतं. नऊ-नऊ, ताबडतोब वर जा, वळ आणि पंचवीसवर ये. एकतीस वर्षांचं घासून गुळगुळीत झालेलं वाक्य, फक्त फलाटाच्या जागी पट्टी. त्यांनी बटण दाबलं, पत्राकडे नजर गेली आणि तोंड तसंच मिटलं.

"कुणीतरी बटण दाबून गप्प बसलंय," तिसरा आवाज म्हणाला. हा तोच दंतवैद्य. विमानतळावर पट्टीच्या बाजूला थांबला होता, उड्डाण करायला. म्हणजे साक्षीदारही हजर, आणि तोही पहिल्या तक्रारीचा धनी.

"आठ मैल," बबडी म्हणाली. "शून्य सातच."

त्या ‘च’मध्ये बापाचाच आवाज होता. शेजारच्या खोलीतली शिलाई मशीन थांबली आणि बायको दाराशी येऊन उभी राहिली. ती चौकटीला टेकून पाहत राहिली, आणि तिच्या बोटात सुई तशीच होती.

साहेब पडद्याकडे पाहत होते आणि त्यांना आठवला तो सहा नंबर फलाटाचा ड्रायव्हर. हा माणूस रोज संध्याकाळी गाडी फलाटापासून हातभर लांब लावायचा. साहेब रोज माइकवर त्याची सगळ्यांसमक्ष हजेरी घ्यायचे, तो मान खाली घालून गाडी पुन्हा मागे-पुढे करायचा. सहा वर्षं हे चाललं. साहेबांच्या निरोपाच्या दिवशी तो हार घालायला आला आणि म्हणाला, "साहेब, सहा नंबरला संध्याकाळी ऊन सरळ डोळ्यात यायचं. कडा दिसायचीच नाही." साहेब म्हणाले, "अरे मग सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "तुम्ही कधी विचारलं नाहीत." त्या दिवशी साहेबांनी ते हसण्यावारी नेलं होतं. आता ते हसण्यावारी जाईना. चुकणाऱ्या माणसाला समोर काहीतरी वेगळं दिसत असतं. आणि विचारायला तर नियमात कुठेच बंदी नव्हती.

त्यांनी बटण दाबलं. "तीन-एक-आठ. मला वारा पश्चिमेचा, चौदा नॉट दिसतोय, साडेदहाच्या अहवालात. नऊ-नऊ, तुला किती दिसतोय?"

बबडीला बापाने प्रश्न विचारलेला ऐकायची सवय नव्हती, त्यामुळे तिला कळायलाच दोन सेकंद लागले.

"मला पूर्वेचा, आठ नॉट," ती म्हणाली. "अगदी समोरून. पडद्यावरचा वाऱ्याचा बाणही तेच दाखवतोय."

"मला पश्चिमेचा," दंतवैद्य मध्येच म्हणाला. "चौदा."

साहेबांच्या लक्षात सगळा घोळ आला, आणि तो अशा हौशी लोकांच्याच नशिबी येऊ शकतो असा घोळ होता. खऱ्या विमानतळावर वारा एकच असतो. इथे प्रत्येकाचा वारा ज्याच्या त्याच्या संगणकात. हवामान आणणारा प्रोग्राम कुणाचा अडकला, की त्याच्याकडे मघाचाच वारा वाहत राहतो, आणि पट्टीवरचा कापडी वारादर्शकही त्याला मघाचीच दिशा दाखवतो. सकाळी किनाऱ्यावर पूर्वेचा वारा असतो, ऊन चढलं की तो फिरतो. बबडीच्या आकाशात तो अजून फिरला नव्हता. म्हणजे ती पुस्तकाबरहुकूम बरोबरच येत होती. आपण तिला पंचवीसवर वळवलं असतं, तर तिच्या आकाशात तिला पाठीवर वारा घेऊन उतरावं लागलं असतं, आणि तेही आपल्या हुकमाने. कधी नव्हे ते साहेबांना स्वतःची लाज वाटली, पण तिला द्यायला वेळ नव्हता.

"तीन-एक-आठ," ते म्हणाले, आणि आवाज तोच होता, फलाटावरची गर्दी शांत करणारा. "नऊ-नऊ माझ्याहून खाली आहे आणि पट्टीच्या जवळ आहे. मी उतरणं सोडतोय. उत्तरेकडे वळतोय, चार हजारांवर चढतोय. नऊ-नऊ पट्टी मोकळी करेपर्यंत उत्तरेलाच फिरत राहीन."

त्यांनी दांडी डावी-उजवी न चाचपडता एका झोकात उजवीकडे कलवली, इंजिनाचा जोर वाढवला, चाकं आत घेतली. पडद्यावरचा समुद्र तिरपा झाला. हे असलं काम त्यांच्या हातून फार देखणं होई. बायको दाराशीच म्हणाली, "ही पोरीसाठी जागा केलीत?"

"पोरीसाठी नाही," साहेब म्हणाले. "नियमच आहे. खालच्याला आधी मान."

"बरं, नियमासाठी," बायको म्हणाली आणि तिथेच उभी राहिली.

नऊ-नऊ शून्य सातवर उतरली. चाकं पट्टीच्या मधल्या रेघेवर, नाक सरळ. साहेबांनी वरून फेरी मारताना ते पाहिलं आणि त्यांना अभिमान वाटला, चक्क वाटला, आणि तो त्यांनी दाबून ठेवला नाही. "बघ, बघ," ते बायकोला म्हणाले, "रेघ ओढल्यासारखी उतरली."

"नऊ-नऊ, पट्टी मोकळी," बबडी म्हणाली.

मग दंतवैद्य पंचवीसवरून उडाला, जाता जाता "आभार, तीन-एक-आठ" म्हणून गेला, जे त्याने याआधी कधी म्हटलं नव्हतं. साहेब मोठा वळसा घेऊन पूर्वेला गेले आणि पंचवीसवर उतरले, आपल्या वाऱ्यात, आपल्या पद्धतीने. विमान नेहमीच्या जागी, तिच्या शेजारी लावलं. दोन छोटी विमानं, पंखाला पंख.

थोड्या वेळाने बबडी बोलली. आवाजातला मघाचा ‘च’ गेला होता. "तीन-एक-आठ, माझा वारा शिळा निघाला. रात्रपाळीहून आले, संगणक चालू केला आणि अंघोळीला गेले. तेव्हापासून प्रोग्राम अडकलेला. दीड तासापूर्वीची हवा होती."

साहेबांच्या पोटात एक आख्खं भाषण तयार होतं. अहवालाची वेळ तपासायची असते. मी नव्हतं का सांगितलं. रात्रपाळी करून असं उडवायला बसू नये. आणि मुळात रात्रपाळीची नोकरीच का. भाषण पायऱ्या चढत घशापर्यंत आलं. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, दोन घोट घेतले आणि ते परत खाली पाठवलं.

"उतरताना त्रास झाला?" त्यांनी विचारलं.

"नाही. मला तर समोरूनच होता."

"मग बरोबर उतरलीस तू," साहेब म्हणाले. "तुझ्या वाऱ्याला तीच पट्टी होती."

बायकोने सुई पदराला टोचून ठेवली आणि शेजारची खुर्ची ओढून बसली. कुठल्या खुर्चीत बसायचं ते आज तिला कुणी सांगितलं नाही.

"मलाच कळायला हवं होतं," बबडी म्हणाली. बोलणं आता नेहमीच्या दोन वाक्यांपलीकडे गेलं होतं, आणि दोघांच्याही ते ध्यानात आलं होतं. "दहानंतर समुद्राचा वारा सुरू होतो. दिवसपाळीला क्रेनवर बसून तेच तर बघते मी. तिथे वर..." ती थांबली. क्रेन हा शब्द बापासमोर अकरा महिन्यांत पहिल्यांदाच निघाला होता, आणि त्यापुढे काय येतं ते तिला पाठ होतं.

साहेबांनाही पाठ होतं. म्हणून तर त्यांनी ते म्हटलं नाही. त्यांना खरोखरच एक गोष्ट ठाऊक नव्हती, आणि ती जाणून घ्यावीशी वाटत होती. एवढ्या उंचावर, एवढं वजन दोराला टांगलेलं, आणि त्यात वारा.

"किती वारा झाला की काम थांबवता तुम्ही लोक?" त्यांनी विचारलं. "आणि थांबायचं ते ठरवतं कोण? खालचा साहेब की वर बसलेली तू?"

फ्रिक्वेन्सीवर इतका वेळ कुणी बोललं नाही की साहेबांना वाटलं, हिचं इंटरनेटच गेलं. त्यांनी जोडणी तपासली. सगळं जागच्या जागी होतं.

"बाबा," बबडी म्हणाली. इतके दिवस ते तिच्यासाठी तीन-एक-आठ होते. "इथे खासगी बोलायचं नसतं. तिसरी तक्रार होईल तुमची."

"कर," साहेब म्हणाले. "पण आधी उत्तर दे." आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं, की सुटला हुकूम. त्यांनी डोळे मिटून घेतले.

पलीकडून हसू आलं. अगदी आत दाबलेलं, पण हसूच. मग नकाशावरचा तिचा त्रिकोण नाहीसा झाला. नऊ-नऊ आकाशातून निघून गेली.

साहेब तसेच बसून राहिले. त्यांनी पत्राकडे पाहिलं, मग बायकोकडे. "गेलं बहुतेक," ते म्हणाले. "वर्षभर गेलं."

बायकोचं लक्ष दुसरीकडे होतं. कपाटावर काहीतरी घरघरत होतं, लाकडावर सरकत सरकत कडेपर्यंत आलं होतं. ती उठली, टाचा उंच करून हात वर नेला आणि पडता पडता ते पकडलं. एकदा नाव वाचलं, आणि तिने तो मोबाइल नवऱ्याच्या समोर धरला.

"तुमचा आहे," ती म्हणाली. "माझा नाही."

साहेबांना बटण सापडेना. सापडलं तेव्हा त्यांनी फोन दोन्ही हातांनी कानाला लावला.

"वाऱ्याचं विचारत होतात ना?" बबडी म्हणाली.

"हो," साहेब म्हणाले. "आणि बाकीचंही."